पेशी जेलमध्ये घालण्याआधी

रावेरकडे केळीच्या टिश्यू कल्चर रोपांवर मी दोन वर्षं काम केलं. तिथे रोप बाटलीतून काढलं की मुळांना चिकटलेलं आगर, म्हणजे रोप ज्यात वाढतं ते जेलीसारखं माध्यम, धुऊन टाकायचं आणि मग हार्डनिंगला, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय करायला, लावायचं. मेंदू दुरुस्त करायला मेंदूत सोडायच्या पेशींचं उलट आहे. लकव्याच्या झटक्यात मेंदूचा भाग मेला की तिथे पोकळी उरते, पेशींना धरायला काहीच नसतं. नुसत्या द्रवातून सोडल्या तर बहुतेक पहिल्या काही दिवसांतच मरतात. म्हणून त्यांना धरून ठेवणारं जेल, जेलीसारखा मऊ पदार्थ, त्यांच्याबरोबरच आत जायला हवं.

आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्यांना मी आधी कोलॅजेन देते, शरीरातलंच एक प्रथिन, ज्याचं जेल बनतं. कोलॅजेन, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), ट्यूब, सगळं बर्फात ठेवा. बाटलीतलं कोलॅजेन ॲसिडमध्ये असतं, म्हणून बफर आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच ७.४ च्या आसपास आणा. पीएचच्या पट्टीवर थेंब टाकून बघा आणि मगच पेशी मिसळा, बुडबुडा न येऊ देता. ३७ अंशांना साधारण अर्ध्या तासात जेल जमतं.

घट्ट जमलेलं जेल बघून बरं वाटतं, पण त्या मोहात पडू नका. मेंदू फार मऊ, कडकपणाच्या मापात जेमतेम १ किलोपास्कलचा. कडक जेलवर न्यूरॉन, म्हणजे संदेश नेणाऱ्या पेशी, नीट वाढत नाहीत, ॲस्ट्रोसाइट या त्यांच्या आधार-पेशी मात्र पसरतात. जेल रात्रभर बफरमध्ये ठेवून आधीचं-नंतरचं वजनही करा. कवटीत फुगायला जागा नसते.

खरी परीक्षा सुईत. सिरिंजमधून सुईच्या बारीक तोंडात शिरताना पेशी ताणली जाते आणि तिचं आवरण फाटतं. म्हणून जी सुई, जो वेग पुढे वापरणार, त्यानेच जेल डिशमध्ये सोडा. आधी आणि नंतर ट्रिपॅन ब्लू हा रंग घालून पेशी मोजा. निळ्या पेशी मेलेल्या. हे केल्याशिवाय मी कुणाला पुढे जाऊ देत नाही. कोलॅजेन थंड असतानाच सोडायचं. एकदा मे महिन्यात, वीज गेलेली असताना, भरलेली सिरिंज हातात धरून मी बोलत राहिले. जेल सुईतच जमलं, आठवडाभर वाढवलेल्या पेशी गेल्या. दाबाने पातळ होणारं आणि आत गेल्यावर पुन्हा सावरणारं जेल इथे जास्त कामाचं. हायलुरोनिक ॲसिड मेंदूत मुळातच भरपूर असतं, त्यामुळे हात बसला की त्याच्या जेलकडे वळा.

गावाकडून फोन येतात, "ताई, मामांना लकवा झालाय, तुमचं जेल मिळेल का?" हे काम अजून बहुतांशी उंदरांवरच चालू आहे, असं सांगताना जीव तुटतो. कुणी पैसे घेऊन देतो म्हणालं तर देऊ नका, हेही सांगते. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, की थेट सीटी स्कॅन असलेला दवाखाना गाठा. गुठळी विरघळवायच्या औषधाला साडेचार तासांचीच मुदत असते.