पॉवर सेटिंगची स्क्रिप्ट लिहिताय? या चुका टाळा

विंडोजमध्ये दर वेळी सेटिंग शोधत बसण्यापेक्षा पॉवर सेटिंग बदलणाऱ्या पॉवरसीएफजी कमांडची दोन-तीन ओळींची बॅच फाइल (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) करून ठेवणं केव्हाही सोयीचं. पण चुकीचा आकडा दिलात तरी ही कमांड तो निमूटपणे घेते. म्हणून फाइल नुसती चालली यावर विसंबू नका. (कमांड रोमन लिपीतच टाइप करायच्या; इथे उच्चार दिले आहेत.)

सर्वाधिक घोळ होतो वेळेचा. 'चेंज' पर्याय आकडा मिनिटांत धरतो, तर 'सेटएसीव्हॅल्यूइंडेक्स'मध्ये स्क्रीन आणि स्लीपची वेळ सेकंदांत द्यावी लागते. स्क्रीन 10 मिनिटांनी बंद व्हायला हवी असेल, तर पहिल्यात 10 आणि दुसऱ्यात 600. हेच 600 'चेंज'ला दिलेत तर स्क्रीन 10 तास चालू राहील! शिवाय 0 म्हणजे 'लगेच' नव्हे, 'कधीच नाही'. बॅटरीवरच्या स्लीपला 0 देताना दोनदा विचार करा.

एसी म्हणजे चार्जर लावलेला असताना, डीसी म्हणजे बॅटरीवर. अनेक जण एसीची ओळ लिहितात आणि बॅटरीवर फरक पडत नाही म्हणून वैतागतात. दोन्ही ओळी लिहा, चार्जर काढूनही तपासा. व्हॅल्यूइंडेक्सने केलेला बदल लागू व्हायला शेवटी 'सेटअॅक्टिव्ह स्कीम_करंट' ही ओळही हवी.

'स्कीम_मिन' आणि 'स्कीम_मॅक्स' ही पॉवर प्लॅनची (सेटिंगच्या तयार संचांची) नावं तर हमखास फसवतात. मिन म्हणजे कमीत कमी वीजबचत, म्हणजेच हाय परफॉर्मन्स. बॅटरी वाचवायची तर मॅक्स. मात्र बऱ्याच नव्या लॅपटॉपवर फक्त बॅलन्स्ड प्लॅन दिसतो, त्यामुळे आधी 'लिस्ट' चालवून पाहा. स्वतः बनवलेल्या प्लॅनचा लांबलचक आयडी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालेलच असं नाही.

डिस्कवर जागा व्हावी म्हणून 'हायबरनेट ऑफ' सरसकट टाकू नका (हायबरनेट म्हणजे उघडं काम डिस्कवर ठेवून लॅपटॉप बंद करणं). त्याने फास्ट स्टार्टअपही बंद होतं, आणि बॅटरी अगदी संपत आल्यावर उघडं काम डिस्कवर जपून ठेवायची सोय उरत नाही. ही ओळ अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावी लागते. तिथे तरी थांबून विचार करा.

'क्वेरी'ने तपासताना आकडे हेक्साडेसिमलमध्ये (16 पायाच्या संख्यापद्धतीत) दिसतात: 0x258 म्हणजे 600. सगळंच बिघडलं तर 'रिस्टोअरडिफॉल्टस्कीम्स' आहे, पण ती तुमचे स्वतःचे प्लॅनही पुसते. ते आधी 'एक्स्पोर्ट' करून ठेवा.