शेततळ्यात रोहू सोडताय? आधी पाणी मुरू द्या

मिरग लागला की मुरबाड-शहापूरकडे वलगणीचे मासे धरायला ओढ्यांवर झुंबड उडते. पोटात अंडी घेऊन नव्या पाण्यात वर चढणारी ही मासळी सगळीच्या सगळी टोपलीत घालू नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

रोहूचा स्वभावही असाच, पण तो मूळचा कोकणातला नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला हा मासा पुराच्या वाहत्या, उथळ पाण्यात अंडी सोडतो. एक किलोच्या मादीच्या पोटात दोन-तीन लाख अंडी असतात. साचलेल्या तळ्यात तो चांगला वाढतो, विणत मात्र नाही. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांची वीण घडवून आणली, म्हणून आज आपल्याला हॅचरीचं बीज, म्हणजे लहान पिलं, मिळतं.

बीज सोडायची घाई करू नका. पहिल्या पावसाचं पाणी गढूळ असतं आणि आपल्याकडची तांबडी माती आम्लधर्मी. गुंठ्याला दोन-अडीच किलो चुना टाका, आठवड्याने वीसेक किलो ताजं शेण कालवून घाला. मग पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा नुकताच दिसेनासा झाला, तर पाणी तयार. हात मनगटापर्यंत बुडवताच तळवा दिसेनासा होत असेल तर शेण थांबवा, आणि स्वच्छ दिसत असेल तर आणखी थोडं घाला. पाण्याला जो हिरवट रंग येतो तेच पिलांचं खाणं.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, आठ-दहा सेंटिमीटरची घ्या. आपल्याकडची बरीच तळी मार्च-एप्रिलमध्ये तळाला जातात, तेवढ्यात बारकं बीज विकण्याजोगं होत नाही. गुंठ्याला पन्नास पुरेत: वीस कटला, पंधरा रोहू, पंधरा मृगळ. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात तळाला गाळ नसतो, तिथे मृगळ कमी करा. रोहूचं तोंड जवळून पाहिलंत तर खालच्या ओठाला झालर दिसेल. शेवाळ, कुजका पालापाचोळा खरवडून खायला तिचा उपयोग होतो.

पिशवी आणली की लगेच उघडून ओतू नका. वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि पिलं आपणहून बाहेर जाऊ द्या. हे काम सकाळी किंवा संध्याकाळी करा.

सांडव्याला बारीक जाळी हवीच. एका वर्षी मी ती लावली नव्हती. जुलैतल्या एका रात्री तळं भरून वाहिलं आणि सकाळी निम्मी पिलं शेजारच्या भाताच्या खाचरात तडफडत होती. रोहूला वाहतं पाणी लागलं की तो धारेच्या दिशेने निघतो, त्याला अडवायला जाळीच हवी.

खाद्याला भाताचा कोंडा नि भुईमुगाची पेंड समान घ्या, माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के. मात्र आठवडाभर झड लागली, ऊन नाही, आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसले, तर पाण्यातला प्राणवायू कमी झालाय. त्या दिवशी खाद्य आणि शेण बंद, पंप लावून पाणी उडवत ठेवा.