मोठा रांजण दोन भागांत घडवा

उंच रांजण चाकावर मातीच्या एकाच गोळ्यातून ओढायला गेलं की वरचा काठ चढेपर्यंत खालची भिंत पाण्याने मऊ होऊन बसते. ताकद लावून उपयोग नाही. दोन भाग वेगळे घडवून जोडा.

१. खालचा भाग घडवा. काठ जाड आणि सपाट ठेवून कॅलिपरने व्यास मोजा.

२. दुसऱ्या बॅटवर (चाकावर बसवायच्या सुट्या चकतीवर) बुडाशिवाय नुसतं कडं घडवा. त्याचा वरचा काठ नेमका त्याच मापाचा हवा.

३. खालची भिंत वजन पेलण्याइतकी आवळू द्या, पण काठावर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळा. काठ सुकला तर सांधा धरत नाही, म्हणून सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. कडंही उलटं केल्यावर लोंबणार नाही इतपत घट्ट होऊ द्या.

४. दोन्ही काठांवर ओरखडे काढा, दाट चिखल लावा, कडं बॅटसकट उलटं ठेवा. तारेने बॅट सोडवा. सांधा आतून-बाहेरून दाबा आणि चाक हळू फिरवत भिंत वर ओढा.

दोन्ही भागांची ओल सारखी नसेल, तर सुकताना सांध्यालाच चीर जाते. जोडलेला रांजण रात्रभर प्लॅस्टिकखाली झाकून ठेवा, मगच सावलीत सावकाश सुकवा.