बर्लिनला आलात? आधी चार तुकड्यांचा नकाशा बघा

"दादा, घर कुठल्या भागात बघू?" नवीन आलेलं प्रत्येक जण हे विचारतं. मी म्हणतो, आधी १९४५ चा नकाशा काढ. तोंडं वाकडी होतात, पण महिन्याभरात पटतं.

८ मे १९४५ ला जर्मनी शरण आला आणि देशाला सरकारच उरलं नाही. ५ जूनला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघाने सगळी सत्ता आपल्या हाती घेतली. आपापल्या विभागात प्रत्येकाचा सेनापती राजा; अख्ख्या देशाच्या प्रश्नांसाठी मात्र चौघांची नियंत्रण परिषद, जर्मन तिला 'कोंट्रोलराट' म्हणतात. निर्णय एकमतानेच. थोडक्यात, चार भावांचा सामायिक सातबारा. एकाने सही अडवली की संपलं! तरी २५ फेब्रुवारी १९४७ ला चौघांनी मिळून एका कायद्याने अख्खं प्रशिया राज्यच रद्द केलं. पुढे २० मार्च १९४८ ला सोव्हिएत सेनापती सोकोलोव्स्की बैठकीतून उठून गेले आणि परिषद ठप्प झाली. गंमत म्हणजे परिषदेच्याच इमारतीत चौघांचं हवाई सुरक्षा केंद्र १९९० पर्यंत सुरू होतं. बाहेर शीतयुद्ध, आत एका छताखाली ड्युटी.

बर्लिन शहराचेही असेच चार तुकडे झाले होते, आणि ते अजून पायाखाली लागतात. ट्राम हवी असेल तर प्रेन्झलाउअर बेर्ग, फ्रीडरिश्सहाइन, लिश्टेनबेर्ग बघा. हा सोव्हिएत भाग. पश्चिमेने आपली शेवटची ट्राम १९६७ मध्ये बंद केली, त्यामुळे तिकडे मुख्यतः भुयारी रेल्वे आणि बस. (वेडिंगमध्ये भिंत पडल्यावर ट्राम परत आली.) वेडिंग फ्रेंचांचं, श्पांडाउ ब्रिटिशांचं, नॉयकोल्न आणि डालेम अमेरिकनांचं. टेम्पलहोफच्या ज्या धावपट्टीवर आज लोक सायकली फिरवतात, तिथे १९४८-४९ च्या सोव्हिएत नाकेबंदीत विमानांनी कोळसा आणि पीठ उतरवलं.

घर मिळालं की राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी करा. घरमालकाच्या सहीचा कागद आधीच मागून ठेवा. बर्लिनमधलं कुठलंही नागरिक कार्यालय चालतं, आपल्याच भागातलं हवं असं नाही. जिथली वेळ मिळेल ती पकडा.

शेजारी एखादे पश्चिम बर्लिनचे आजोबा भेटले तर लष्करी सेवेबद्दल जरूर विचारा. शहर चौघांच्या ताब्यात, म्हणून तिथल्या मुलांना पश्चिम जर्मनीची सक्तीची भरती लागू नव्हती, आणि ती चुकवायला बाहेरची पोरं इथे राहायला येत. लुफ्तहान्सालाही १९९० पर्यंत इथे उतरायला बंदी होती. पण १९४५ मध्ये जे झालं तो 'ताबा' की 'मुक्ती' या वादात पहिल्याच चहाला पडू नका. पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे आजोबा वेगवेगळं सांगतील.

एखाद्या रविवारी भुयारी रेल्वेच्या सात नंबरच्या लाइनने क्लाइस्टपार्कला उतरा. बागेतून आत गेलात की समोर परिषदेची इमारत. १९४४ मध्ये हिटलरविरोधी कटवाल्यांवर इथेच खटले चालले होते. आता पुन्हा न्यायालय भरतं. रविवारी दार बंद असतं, पण बाकं मोकळी असतात. डबा घेऊन जा.