प्रेमकथा आणि अद्भुतकथांवर टिपण कसं लिहावं

पुस्तक संपल्यावर एका दिवसाच्या आत टिपण लिहा. उशीर झाला की कथानक लक्षात राहतं, पण नेमका कंटाळा कुठे आला ते विसरायला होतं. वाचतानाच पेन्सिलीने पान क्रमांक टिपा. 300 पानांच्या कादंबरीला सात-आठ नोंदी पुरतात. कथासार तीन-चार वाक्यांत, तेही सुरुवातीच्या पाव भागाचंच.

प्रेमकथेत आधी अडथळा तपासा. एका फोनने मिटेल असा गैरसमज 150 पानं ताणला असेल, तर तसं स्पष्ट लिहा. जोडी शेवटी एकत्र येणार हे वाचकाला बहुतेक वेळा ठाऊकच असतं. त्याची उत्सुकता ‘कशी’ येणार याची असते. म्हणून रुसवा कशामुळे गेला, ते प्रसंगासकट नोंदवा, पण आधी ‘पुढे रहस्यभेद आहे’ असा इशारा द्या.

अद्भुतकथेत जादूची किंमत बघा. मंत्र टाकणाऱ्याला थकवा, वय, आठवण असं काही मोजावं लागतं का? नायक अडकला की आयत्या वेळी नवी शक्ती उगवत असेल, तर पुढच्या लढाईत धाकधूक उरत नाही.

मालिकेतला कितवा भाग, हे लिहायला मात्र हमखास विसरलं जातं. ते पहिल्याच ओळीत टाका.