सोळा तासांच्या उपवासात चहा चालतो का?

१६:८ (१६ तास उपवास, उरलेल्या ८ तासांत खाणं) पाळणाऱ्यांचा उपवास बहुतेक वेळा सकाळच्या चहानेच मोडतो. रात्री ८ ला जेवण आटोपलं, तर दुपारी १२ पर्यंत कॅलरी असलेलं काही पोटात जाऊ द्यायचं नाही. कसोटी एवढीच.

आता कप बघा. ५० मिली दुधात ३०-३५ कॅलरी, दोन चमचे साखरेत आणखी ३५-४०. ही साखर रक्तात उतरली की इन्सुलिन वाढतं आणि चरबी जाळायला लागलेलं शरीर पुन्हा आयत्या साखरेकडे वळतं. गूळ घातला तरी तेच. कोरा चहा मात्र चालतो. पाणी उकळलं की गॅस बंद करा, मग अर्धा चमचा पावडर घालून झाका आणि २-३ मिनिटांनी गाळा. दुधाच्या चहासारखी पावडर उकळत ठेवली तर तो कडूजहर होतो, मग हात साखरेच्या डब्याकडे जातो. आलं, गवती चहा खुशाल टाका. रिकाम्या पोटी पित्त उसळत असेल तर कोरा चहा नि कॉफी दोन्ही सोडा, जिरं उकळून गाळलेलं पाणी घ्या.

पाण्यात अर्धं लिंबू चालतं. त्यात मध पडला की उपवास मोडला. ताक, शहाळं कितीही हलकं वाटलं तरी नाही. तूप घातलेल्या कॉफीने इन्सुलिन फारसं वाढत नाही, पण चमचाभर तूप म्हणजे ४५ कॅलरी. आम्ही तिला उपवासात धरत नाही. मेथीचं पाणी प्या, दाणे चावू नका. जेवणानंतरची बडीशेपही ८ च्या आतच.

साबुदाण्याची खिचडी एकादशीला चालते, इथे नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच करू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर घड्याळ न बघता लगेच साखरपाणी घ्या.

आणि उपाशीपोटी रक्ततपासणी असेल त्या सकाळी कोरा चहासुद्धा नको, फक्त साधं पाणी.