हवापालट आणि खेड्यातला खून: पडून राहून वाचायचं कसं

मोठ्या आजारातून उठल्यावर किंवा कामाने पार पिट्टा पडल्यावर पूर्वी डॉक्टर सरळ सांगायचे, हवापालट करा. मग आपल्याकडची माणसं पाचगणी, माथेरान, देवळाली गाठायची आणि इंग्लंडातली टॉर्कीला समुद्रावर जायची. रहस्यकथा लिहिणारी अगाथा ख्रिस्ती १८९० साली जन्मली ती याच टॉर्कीत. निवांत खेडं, चहा, चर्चचे पाद्री, भोचक म्हाताऱ्या आणि मध्येच एक खून असल्या तिच्या कादंबऱ्या हवापालटाबरोबर इतक्या छान जमतात कारण दोन्हीकडे औषध एकच आहे, वेग कमी करायचा आणि आजूबाजूच्या माणसांकडे नीट बघायचं.

सुरुवात करा ‘द मूव्हिंग फिंगर’पासून (१९४२). जेरी बर्टन विमान कोसळून जबर जखमी झालेला असतो, त्याला डॉक्टर सांगतो की खेड्यात घर घे, सगळं सावकाश कर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भानगडीत भरपूर रस घे. चक्क प्रिस्क्रिप्शनच ते! जेरी बहिणीला घेऊन लिमस्टॉक नावाच्या झोपाळू गावात येतो आणि काही दिवसांतच पत्र येतं, पुस्तकातली छापील अक्षरं कापून कागदावर चिकटवलेलं, निनावी, आणि त्यात लिहिलेलं असतं की ही दोघं बहीणभाऊ नाहीतच. मग कळतं की अशी पत्रं गावात बऱ्याच जणांना आलीयत, फक्त कोणी कुणाला बोललेलं नाही. ख्रिस्तीची खुनी शोधून काढणारी म्हातारी मिस मार्पल यात खूप उशिरा येते त्यामुळे ती कुठाय म्हणून पानं पुढे उलटू नका, तोवर जेरीसारखं आपणच गाव बघायचं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. निदान दोन-तीन दिवस सलग मोकळे काढा, शनिवार-रविवारात कोंबून मजा येत नाही. बाहेर जाणार असाल तर माझं मत माथेरानला, कारण गाड्या दस्तुरी नाक्यालाच सोडाव्या लागतात आणि आत हॉर्नचा त्रास नाही, पण घरी खिडकीजवळची खाट असली तरी काम भागतं. फोन दुसऱ्या खोलीत. जेवण साधं, मऊ भात-मेतकूट-तूप, दुपारी झोप, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर थोडं चालणं. वाचायचं सकाळी नाश्त्यानंतर आणि परत चार वाजता चहाबरोबर, रात्री नाही, कारण रात्री वाचलं की खुनी कोण कळेपर्यंत पुस्तक खाली ठेववत नाही आणि मग विश्रांतीचे बारा वाजतात.

एक गोष्ट मात्र जुन्या पद्धतीतून अजिबात उचलू नका. अमेरिकेत फिलाडेल्फियाला सायलस वीअर मिचेल नावाचे डॉक्टर होते, त्यांनी १८७० च्या दशकात रेस्ट क्युअर गाजवली, सहा ते आठ आठवडे अंथरुणात, दर दोन तासांनी दूध, मालिश, आणि घरच्यांपासून लांब. बायकांना तर वाचायला-लिहायलाही मनाई. लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन १८८७ मध्ये त्यांच्याकडे गेली तर तिला घरी जाताना सांगण्यात आलं की दिवसात दोन तासच डोक्याचं काम कर आणि पेन आयुष्यात परत हातात धरू नकोस, त्याने ती वेडाच्या कडेपर्यंत गेली आणि त्यावरच तिने लिहिलेली ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १८९२ मध्ये छापून आली. शरीराला आराम पाहिजे हे खरंय, पण डोकं बंद करून ठेवलं की ते स्वतःलाच खायला लागतं. म्हणून तर पडून असताना हातात रहस्यकथा हवी.

दुसरं पुस्तक घ्या ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ (१९३०), मिस मार्पलची पहिली कादंबरी. गोष्ट सांगतात सेंट मेरी मीड गावचे पाद्री आणि त्यांच्याच अभ्यासिकेत कर्नल प्रोथेरोचा खून होतो, ज्याच्यावर अख्खं गाव खार खाऊन असतं. इथे कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि गावाचा नकाशा स्वतः काढा, कुणाचं घर कुठे, कुणाच्या बागेतून कोण दिसतं. मिस मार्पल बागेत काम करता करता येणारे-जाणारे टिपत असते, म्हणून तिची बाग कुठे आहे हे फार महत्त्वाचं. आणि अभ्यासिकेतल्या घड्याळाकडे लक्ष द्या, पाद्रीबुवा ते मुद्दाम पंधरा मिनिटं पुढे ठेवतात म्हणजे स्वतःला उशीर होऊ नये. घरातल्यांना हे माहीत, बाहेरच्यांना नाही. एवढ्याशा घरगुती सवयीवर किती काय अवलंबून असतं हे वाचताना मला खरंच भारी वाटतं, चाकू-पिस्तुलापेक्षा जास्त.

अंगात ताप असेल, डोळे पटकन थकत असतील तर कादंबरी नको, ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’ (१९३२) घ्या. तेरा छोट्या गोष्टी आहेत, दिवसाला एक पुरते, आणि मिस मार्पल लोकर विणता विणता गावातल्या कुणाची तरी आठवण काढते आणि कोडं सुटतं. आणि पाय मोडून वगैरे खाटेला खिळला असाल तर खेडं सोडून जोसेफिन टे यांचं ‘द डॉटर ऑफ टाइम’ (१९५१) वाचा, त्यात इन्स्पेक्टर ग्रँट हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्यापडल्या इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड खुनी होता का याचा तपास करतो, आधी नुसत्या चित्रातल्या चेहऱ्यावरून.

शेवटचे दोन-तीन चॅप्टर राहिले की थांबा. पुस्तक मिटून ठेवा, फिरून या, घरात कुणी असेल तर त्याला संशयित एकेक करून सांगा, कारण मोठ्याने सांगताना कुठला धागा सुटलाय ते लगेच कळतं. मग खुनी म्हणून एकच नाव कागदावर लिहा, दोन नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेवट वाचा.